सिनेमा ऐकायला शिकताना : पुण्यात नव्याने आलेल्या सिनेमावेड्यांसाठी

सबटायटलचं काम करायला लागल्यापासून दर जून-जुलैत दोन-चार जण तरी मला गाठतात. कुणी लातूरहून आलेलं असतं, कुणी साताऱ्याहून. प्रश्न ठरलेला : "ताई, सिनेमाचं वेड आहे, पुण्यात आलोय, आता काय करू?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हणून हे लिहिते आहे.

मी बार्शीहून पुण्याला आले ती २००९ च्या जूनमध्ये. बी.कॉम.ला प्रवेश घेतला आणि शनिवार पेठेत आत्याकडे राहायला लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत रसूल पूकुट्टी यांना ध्वनिसंयोजनाचं, म्हणजे सिनेमातले सगळे आवाज जुळवून मिसळण्याच्या कामाचं, ऑस्कर मिळालं होतं. ते इथल्याच एफटीआयआयमध्ये, म्हणजे सिनेमा शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत शिकलेले, त्यामुळे लॉ कॉलेज रोडवरच्या त्या फाटकासमोरून जाताना मी मुद्दाम चालण्याचा वेग कमी करायचे. ध्वनिसंयोजन म्हणजे नेमकं काय, हे मात्र मला सांगता आलं नसतं. बार्शीत लागेल तो सिनेमा पाहिला होता, आवडला तर तीन-तीनदा पाहिला होता. संवाद पाठ होते, गाणी पाठ होती, कोणत्या गाण्यात नायिकेची साडी कुठल्या रंगाची हेही पाठ होतं. तेवढ्यावर मला सिनेमा कळतो असं मी धरून चालले होते.

सिनेमा कसा पाहायचा याचा पहिला धडा मला आत्याच्या स्वयंपाकघरात मिळाला, तोही मालिकेवरून.

आत्याचा टीव्ही बाहेरच्या खोलीत. संध्याकाळी सातपासून तो चालू, आणि आत्या आत ओट्याशी, टीव्हीकडे पाठ करून. मेथी निवडणं, कणीक मळणं, कुकर लावणं सगळं चालू असायचं, आणि तरी मालिकेतली एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटायची नाही. नजरेतून म्हणणंही चुकीचंच, कारण ती बघतच नव्हती. एकदा मी पडद्यासमोर बसले होते. सून दार उघडते, समोर कुणीतरी उभं आहे, कॅमेरा अजून सुनेच्याच चेहऱ्यावर. तेवढ्यात आतून आवाज आला, "दीर आला ना गं परत?" मला अजून काही दिसलं नव्हतं. जाहिराती झाल्या आणि दारात दीरच उभा.

"आत्या, तुला कसं कळलं?"

"अगं, तो यायचा असला की ती बासरी वाजते. तू बघत बसतेस, ऐकत कुठे असतेस?"

हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. पुढच्या आठवड्यात मीही तिच्या शेजारी पाठमोरी बसून शेंगा सोलत दोन मालिका ऐकल्या. तेव्हा मालिकेचं शिवणकाम कळलं. कोण खोलीत आलं ते कुणीतरी नाव घेऊन सांगतं. कालच्या भागात घडलेलं आजच्या भागात दोघी जणी एकमेकींना पुन्हा सांगतात. धक्का बसला की ढोलासारखा ठोका तीनदा वाजतो, कारण कॅमेरा तीन चेहऱ्यांवर जायचा असतो. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटं उरतात आणि पाहणारी बाई त्यातली निम्मी मिनिटं स्वयंपाकघरात असते. लिहिणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. मालिका मोठ्या प्रमाणात कानासाठीच लिहिलेली असते. 'किती तेच तेच बोलतात' म्हणून जे लोक नाकं मुरडतात, त्यांनी ती कधी पोळ्या लाटत ऐकलेली नसते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आत्या लहान असताना वाड्यात एकाच घरी टीव्ही होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि सिंहगडावरच्या केंद्रामुळे १९७३ पासून ते पुण्यात दिसायला लागलं. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. पोरं पुढे, बायका मागे, आणि दाराबाहेर उरलेले. आत्या कायम दाराबाहेर. खांबाआडून पडद्याचा एक कोपरा दिसायचा, बाकीचा सिनेमा तिने ऐकला. तिच्या कानांचं हे असं आहे.

दुसरा धडा 'कुंकू'चा. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात तो दाखवणार असल्याचं एका मैत्रिणीकडून कळलं. १९३७ चा सिनेमा, व्ही. शांताराम दिग्दर्शक, प्रभातची निर्मिती. प्रभात कंपनी कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झाली, १९३३ मध्ये पुण्याला आली, आणि तिच्याच स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये आजची एफटीआयआय उभी राहिली. एवढी माहिती मी वाचून गेले होते. शिवाय म्हाताऱ्याशी फसवून लावून दिलेल्या लग्नाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या नीराची ही गोष्ट, हेही माहीत होतं. पण दहाएक मिनिटं झाली तरी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. खोलीत कुणी नाही आणि घड्याळ वाजतंय. पावलं वाजतात. भांडं ठेवल्याचा आवाज येतो. मग लक्षात आलं की पार्श्वसंगीत नाहीच. संबंध सिनेमाभर आवाज आहेत ते घरातले, रस्त्यावरचे, आणि गाण्याला साथ लागते तिथे समोर ग्रामोफोन असतो.

त्या शांततेत सभागृहातलं कुणाचं खोकणंही मोठं वाटत होतं. कुणीही वाद्यं वाजवून मला सांगत नव्हतं की आता रडायचं आहे. काकासाहेबांच्या घरातलं ते घड्याळ तेवढं चालू होतं, आणि नीराच्या संतापाचं काय करायचं ते माझं मला ठरवायचं होतं. आत्याची बासरी सगळं आधी सांगून टाकायची. इथे मुद्दाम काहीच सांगितलं जात नव्हतं. बाहेर पडले तेव्हा लॉ कॉलेज रोडवरच्या रिक्षांचे, बसच्या ब्रेकचे, चहाच्या टपरीवरच्या पेल्यांचे आवाज मला एकेक सुटे ऐकू यायला लागले. तो रस्ता मी वर्षभर तुडवत होते.

म्हणून नव्या माणसाला माझं पहिलं सांगणं हे : लगेच याद्या करू नका. 'मरण्यापूर्वी पाहायलाच हवेत' असल्या याद्यांनी माझं पहिलं वर्ष वाया गेलं, नावांवर खुणा झाल्या आणि आठवणीत काही राहिलं नाही. त्याऐवजी तुम्हाला आधीच आवडतो तो सिनेमा घ्या. दहा मिनिटं आवाज बंद करून पाहा, मग तीच दहा मिनिटं पडद्याकडे पाठ करून ऐका. दोन्ही वेळा जे उरतं ते वहीत लिहा. 'छान', 'भारी', 'कंटाळवाणा' असले शब्द वहीत आणायचे नाहीत. 'आई बोलते तेव्हा कॅमेरा मुलावर', 'पावसाचा आवाज खिडकी लावल्यावरही चालूच', असं लिहायचं. महिन्याभरात फरक कळतो. आपल्याला सिनेमा का आवडला याचं उत्तर मग हळूहळू त्याच नोंदींतून मिळायला लागतं.

वहीचं जरा तपशिलात सांगते, कारण माझ्या पहिल्या दोन वह्या मलाच वाचता येत नाहीत. अंधारात लिहायला पेन्सिल घ्या. बॉलपेन मध्येच उमटेनासं होतं आणि ते कळतही नाही. डाव्या हाताचा अंगठा ओळ जिथे सुरू होते तिथे ठेवा आणि ओळ संपली की अंगठा बोटभर खाली सरकवा, म्हणजे एकावर एक गिरवलं जात नाही. पानावर पाच-सहा ओळी, बस. मोबाइल उजेडासाठीसुद्धा काढू नका, मागच्या चार रांगांचा सिनेमा त्यात जातो.

कुठे पाहायचं? चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे, आणि ते उभं करणारे पी. के. नायर लहानपणी सिनेमाची तिकिटंसुद्धा जपून ठेवायचे. मला हा माणूस फार आपला वाटतो. आपल्यातलाच एक वेडा चाहता, ज्याने आपलं जपण्याचं वेड देशाच्या कामी आणलं. तिथल्या खेळांवर लक्ष ठेवा. शहरात फिल्म क्लब आहेत, 'आशय'सारखे जुने क्लबही आहेत, त्यांची सभासद वर्गणी नीट परवडते. जानेवारीच्या सुमारास पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव येतो, २००२ पासून. तिथे पहिल्या वर्षी मी दिवसाला पाच-पाच सिनेमे पाहिले आणि चौथ्या दिवशी कोरियन बापाची गोष्ट इराणी मुलाला जोडून मोकळी झाले. दिवसाला तीन पुरेत. रांगेत अर्धा तास आधी उभं राहा, डब्यात पोळी-भाजी न्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशी बोला. माझ्या निम्म्या ओळखी या रांगांतल्या आहेत.

शिकायचंच असेल तर सिनेमा कसा पाहायचा ते शिकवणारं रसास्वादाचं शिबिर करा. त्यासाठी सिनेमा बनवता यायला लागत नाही. मी केलं त्या शिबिरात एका दुपारी आमच्या हातात ३५ मिमी फिल्मचा वीतभर तुकडा दिला. दोन्ही कडांना भोकं, एका चौकटीला, म्हणजे एका चित्राला, चार. आणि चित्राच्या बाजूने खालपर्यंत गेलेली एक बारीक, थरथरल्यासारखी रेघ. ती रेघ म्हणजे आवाज. मी ती खिडकीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. मग सरांनी सांगितलं की त्या चौकटीतल्या माणसाचं बोलणं त्याच्याशेजारी छापलेलं नसतं, ते सुमारे वीस चौकटी पुढे असतं. प्रोजेक्टरमध्ये चित्र दिसण्याची जागा आणि आवाज वाचण्याची जागा वेगवेगळी असते, म्हणून आवाज तेवढा पुढे ठेवावा लागतो. सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे जवळजवळ एका सेकंदाचं अंतर. फिल्मवर दोघे लांब असतात आणि पडद्यावर एकत्र येतात. त्या दिवशी घरी येऊन मी आत्याला हेच समजावत होते. ती म्हणाली, "म्हणजे कान आधी आणि डोळे मागून. मी काय वेगळं सांगत होते?" यंत्रात नेमकं तसं होत नाही, पण मी वाद घातला नाही.

पोटापाण्याचं थोडं. पदवी सोडू नका. मी बी.कॉम. पूर्ण केलं, चार वर्षं एका हिशेबनिसांकडे नोकरी केली आणि संध्याकाळी सिनेमे पाहिले. पिफच्या रांगेत ओळख झालेल्या एका संकलकाने माझी वही चाळली आणि विचारलं, "सबटायटल करशील का?" मराठीतून इंग्रजीत, एका माहितीपटासाठी. असं मिळालं काम. पैसे बहुतेक ठिकाणी सिनेमाच्या मिनिटांवर मिळतात, सुरुवातीला कमी, आणि वेळेवर मिळतीलच असं नाही. माझं एक बिल सात महिने अडकलं होतं. तेव्हापासून मी थोडे पैसे आधी घेते, तुम्हीही घ्या.

या कामात कानाशिवाय काही चालत नाही. एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण चाळीस अक्षरं, आणि माणूस बोलायला लागला की ओळ यायला हवी. माझ्या दुसऱ्याच कामात मोठी चूक झाली. मला तपासायला मिळालेली प्रत सेकंदाला पंचवीस चौकटींची होती आणि खेळ चोवीसचा, म्हणजे पडद्यावर सिनेमा जरा हळू चालणार होता. मी विचारलं नाही. सुरुवातीला सगळं बरोबर दिसलं. अर्ध्या तासाने ओळी मिनिटभराच्याही वर आधी यायला लागल्या. पडद्यावर म्हातारी शांत बसलेली आणि तिचं रडणं खाली लिहून आलेलं. दिग्दर्शिका माझ्या शेजारीच बसली होती. तिने दोन वर्षं त्या गावात काढून तो माहितीपट केला होता, आणि त्या खेळाला आलेल्यांना तो धड पाहता आला नाही. मी रात्रभर बसून ओळींच्या वेळांचे सगळे आकडे बदलले आणि दुसऱ्या दिवशीच्या खेळाला ते जुळले, पण पहिल्या खेळाचे लोक परत आले नाहीत. काम हातात घेताना पहिला प्रश्न चौकटींचा विचारा, शब्दांचा नंतर.

शब्दांचं दुखणं वेगळंच. गेल्या वर्षी एका मालिकेचं काम होतं. आजी नातवाच्या ताटातला उरलेला घास उचलते आणि सून म्हणते, "अहो आई, त्याचं उष्टं आहे." आजी खाते. त्या एका शब्दात विटाळही आहे आणि मायाही आहे. मी इंग्रजीत 'त्याने अर्धवट खाल्लेलं आहे' अशा अर्थाची ओळ टाकली, दुसरं जमलं नाही.

तो भाग लागला तेव्हा आत्या आत भाकरी थापत होती. आवाज आला, "अगं, उष्ट्याला काय लिहिलंस?" मी सांगितलं. तवा उतरवून, हाताचं पीठ तसंच घेऊन ती बाहेर आली आणि पहिल्यांदाच पडद्याकडे नीट बघत उभी राहिली. प्रसंग केव्हाच पुढे गेला होता. "हे नव्हे गं," एवढंच म्हणाली. माझ्या वहीत त्या शब्दासमोरची जागा अजून मोकळी आहे.