महिलादिनाच्या लेखात आकडा घालण्यापूर्वी

शोधायला बसण्याआधी प्रश्न पूर्ण लिहून काढा: कोणत्या वयाच्या बायका, कुठल्या, कोणत्या वर्षीच्या. नुसतं ‘मुलींचं प्रमाण’ शोधलंत तर तीन वेगळे आकडे हाती येतील आणि तिन्ही खरे असतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) जाहीर झाली तेव्हा ‘हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया’ अशा बातम्या झळकल्या, काहींनी तर मुली वाचल्या म्हणून आनंद केला. पण तो आकडा पाहणीच्या आदल्या रात्री घरात मुक्कामाला असलेल्या माणसांचा. कामासाठी परगावी गेलेले, बराकीत राहणारे पुरुष त्यात येतच नाहीत. सर्वेक्षणाच्या त्याच फॅक्टशीटमध्ये (मुख्य आकड्यांच्या पत्रकात) लगेच खालच्या ओळीत जन्मावेळचं लिंग गुणोत्तर होतं, हजार मुलग्यांमागे ९२९ मुली. गर्भलिंगनिदानावर लिहायचं तर हाच आकडा हवा. जनगणनेतलं बाललिंग गुणोत्तर शून्य ते सहा वयाचं, ते आणखी निराळं. २०११मध्ये बीडचं ८०७ होतं.

जिल्ह्याचा आकडा घेताना कंसाकडे दुर्लक्ष करू नका. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फॅक्टशीटमध्ये कंसातला आकडा फक्त २५ ते ४९ नोंदींवरचा असतो. त्यावरून ‘आमचा जिल्हा सुधारला’ असं म्हणू नये.

रोजगारासाठी श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस, उघडा. पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमबलातला (काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांतला) सहभाग २०१७-१८मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४मध्ये ४१.७. मात्र तेवढ्यावर थांबू नका, कामाच्या प्रकाराचा तक्ताही काढा: काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणी घरच्याच शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. २०२५पासून निघणारी मासिक पत्रकं आठवड्याच्या कामावर मोजतात, ती या वार्षिक आकड्यांशेजारी मांडू नका. घरकामासाठी वेळवापर सर्वेक्षण आहे. २०२४च्या पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ८८.

हिंसाचारावर लिहिताना सगळ्यात जास्त सावध राहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात पोलिसांपर्यंत पोचलेलंच असतं, आणि एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. पती व नातेवाइकांच्या क्रूरतेचे २०२२चे गुन्हे सुमारे १ लाख ४० हजार. उलट कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातल्या एकाच बाईशी, एकांतात बोलतात; तिथे १८ ते ४९ वयाच्या विवाहित (घटस्फोटित, विधवा धरून) स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. म्हणून एखाद्या राज्यात नोंदी वाढल्या की तिथे अत्याचार वाढले असं लिहू नका; बायका तक्रार करायला पुढे येऊ लागल्या असंही असू शकतं.

शेवटी मूळ अहवालाची पीडीएफ उतरवून ठेवा, आणि तक्ता क्रमांक, वर्ष, वयोगट आकड्याशेजारीच लिहा.