रोज फोटो काढायचा सराव: एकच जागा, बारा फ्रेम

‘रोज शंभर फोटो काढा, हात बसेल’ हा सल्ला मी वर्षभर पाळला. हात बसला, नजर मात्र होती तिथेच राहिली. म्हणून आता शिकायला येणाऱ्याला मी उलटं सांगतो: दिवसाला बाराच फ्रेम, आणि महिनाभर एकच जागा.

जागा घरून पायी जाता येईल अशी हवी. आठवड्यातून एकदा नागपूरच्या फुटाळा तलावावर सूर्यास्त काढायला जाणं ही सहल झाली, सराव नव्हे. कॅमेरा असो की मोबाईल, झूम विसरा आणि पाय हलवा. वेळ ठरवून घ्या. नागपुरात डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, मे महिन्यात साडेपाचलाच. मे अखेरीला भर दुपारी तो नेमका डोक्यावर येतो आणि चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. उन्हाळ्यात आठच्या आत काम उरका.

गाडी अडते ती दुसऱ्या आठवड्यात. ‘इथलं सगळं काढून झालं’ असं वाटतं आणि बहुतेक जण जागा बदलतात. कृपा करून बदलू नका, खरा सराव तिथूनच सुरू होतो.

मी नागपूरच्या महाल भागातला तर्री-पोह्यांचा एक ठेला धरला होता. पोह्यांवर लालभडक तर्री पडली की वाफेचा लोट उठायचा. डोळ्यांना दिसायचा, फोटोत नाही. आठ दिवस मी शटर स्पीड बदलला, मित्राची लेन्स आणली. ठेलेवाला वैतागला, “काढा नं भाऊ, पण पोहे थंडे होऊन रायले.” नवव्या दिवशी गर्दीमुळे उभं राहायला जागा नव्हती, म्हणून ठेल्याच्या मागच्या बाजूला गेलो. आता ऊन समोरून येत होतं आणि ताटलीमागे बंद दुकानाचं सावलीतलं शटर होतं. वाफेची एकेक वळी उजळून निघाली.

वाफ म्हणजे पाण्याचे सूक्ष्म थेंब. त्यांच्या मागून आलेला उजेड ते पुढे, म्हणजे कॅमेऱ्याकडे विखुरतात, आणि मागे काळोख असला की उठून दिसतात. आठ दिवस ऊन माझ्या पाठीमागून येत होतं. लेन्सचा काहीच दोष नव्हता.

इथे आणखी एक फसगत होते. पार्श्वभूमी गडद असल्याने कॅमेरा फोटो उजळ करतो आणि वाफ पांढरीफट्ट होते. एक्सपोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्म्यावर आणा. मोबाईलवर ताटलीवर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह खाली ओढा. ‘नंतर एडिटिंगमध्ये बघू’ म्हणू नका, पूर्ण पांढरं झालेल्या भागातला तपशील परत येत नाही. डीएसएलआर कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, सूर्याकडे थेट बघायचं नाही, डोळ्याला इजा होते.

म्हणून अडलात की एकच वस्तू घ्या: ऊन तुमच्या पाठीमागून, बाजूने, समोरून आणि सावलीत. प्रत्येकी तीन, झाल्या बारा फ्रेम.

माणसांना विचारून काढा. रात्री बारातली एक ठेवा आणि उजेड कुठून होता ते वहीत एका ओळीत लिहा. एडिटिंगला पाच मिनिटं पुरे.

महिना झाला की दुसरी जागा धरा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत फोटो काढायचे असतील, तर त्या रस्त्यांवर महिनाभर आधीपासून जा. कोणत्या वेळी ऊन कुठल्या बाजूने पडतं हे गर्दीत शिरण्याआधीच ठाऊक असायला हवं.