साडेबाराची गाडी सोडायची कशी

बावीस वर्षं मी तालुक्याच्या कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीआड बसतोय. पोरं मला भाऊसाहेब म्हणतात. खिडकीतून दोनच गोष्टी दिसतात, समोरची रांग आणि तिच्यामागचं गेट. बाराला शेवटचा तास सुटतो, साडेबाराची एस.टी. स्टँडवर लागते आणि वीस मिनिटांत सगळं कॉलेज ओस पडतं. ही गाडी तीन वर्षं न चुकता धरणारी पोरंही पदवीधर होतात. पण कॉलेज कसं होतं असं विचारलं, तर खिडकीतून रुमाल टाकून सीट कशी धरायची एवढंच त्यांना सांगता येतं.

यंदा बी.ए., बी.कॉम.ला येणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. आठवड्यातून दोन दिवस ती गाडी सोडा आणि दुपार कॉलेजात काढा. सोडायची म्हणजे आधी थोडी जुळवाजुळव लागते.

पहिलं काम स्टँडवर. भिंतीवरच्या फलकावर विसंबू नका, त्यातल्या निम्म्या फेऱ्या कधीच बंद झालेल्या असतात. वाहतूक नियंत्रकाला विचारून तुमच्या गावाच्या दुपारनंतरच्या सगळ्या गाड्या वहीत उतरवून घ्या. गावात मुक्कामी गाडी येत असेल तर तुम्ही नशीबवान. तिच्या कंडक्टरशी ओळख ठेवा, तो पाच मिनिटं थांबतो. पाससाठी ऑफिसातून बोनाफाईड, म्हणजे तुम्ही इथे शिकता असा दाखला, घ्या; विद्यार्थ्याला भाड्याचा साधारण एक तृतीयांश भाग भरावा लागतो. मुलींनी एक लक्षात ठेवा. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो. दर जूनमध्ये एफ.वाय.च्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुली जुना पास घेऊन गाडीत चढतात आणि कंडक्टर उतरवतो म्हणून रडत माझ्याकडे येतात. आमच्याच आवारात बारावी झाली, गेट तेच, पण पास बदलला.

दुसरं काम घरी. 'आज उशीर होईल' असं सांगितलं की घरचे काळजीत पडतात. 'मंगळवार-गुरुवार सव्वातीनच्या गाडीने येते, डबा दोन वेळचा दे' असं सांगितलं की त्याचा नियम होतो. मुलींच्या बाबतीत तर हा फरक फार मोठा आहे. बापाला गाडीची वेळ कळली की तो त्या वेळेला फाट्यावर येऊन उभा राहतो आणि पुढच्या महिन्यात यायचंही सोडून देतो. कांदा लागणीच्या किंवा सुगीच्या पंधरवड्यात मात्र हा हट्ट धरू नका. तेव्हा साडेबाराचीच गाडी धरा.

आता कागद. ही माझी जागा, तेव्हा जरा लांबण लागेल.

शाळा सोडल्याचा दाखला आमच्याकडे जमा करण्याआधी त्याच्या दहा झेरॉक्स काढा. मूळ दाखला एकदा आत गेला की सहजी बाहेर येत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून निकालाआधी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये काढून ठेवा. जूनमध्ये सेतूवर, म्हणजे दाखले मिळतात त्या सरकारी केंद्रावर, लग्नासारखी गर्दी असते. ओबीसी असाल तर जातीच्या दाखल्यासोबत नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घर प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखलाही बघा आणि त्याची मुदत कधी संपते ते वाचा. सगळे कागद एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेवा. चार घड्या घालून खिशातून काढलेल्या कागदावरचा शिक्का मला वाचता येत नाही, चष्मा बदलला तरी.

महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवरचा फॉर्म कॅफेवाल्याकडून भरून घेतलात तरी युजरनेम आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा, आणि मोबाईल नंबर स्वतःचा किंवा घरचाच द्या. एका मुलाचा ओटीपी दोन वर्षं त्या दुकानदाराच्या फोनवर जात होता, आणि दुकानदार गाव सोडून गेला. दुसरी मेख बँकेची. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच पडतात. अनेकांचं आधार पाचवीत उघडलेल्या, वर्षानुवर्षं न वापरलेल्या खात्याला जोडलेलं असतं. पैसे आले नाहीत म्हणून पोरं माझ्यावर चिडतात, आणि खरं तर अडकलेलं असतं त्या झोपलेल्या खात्यात. फॉर्म भरण्याआधी बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते विचारून या. आणि ऑनलाइन फॉर्म भरला म्हणजे झालं नाही. त्याची प्रत आणि कागद कॉलेजला दिल्याशिवाय आम्ही तो पुढे पाठवत नाही. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण पुन्हा करावं लागतं, हे तर निम्म्यांच्या ध्यानातच नसतं.

एवढं झालं की दुपार तुमची. तिचं काय करायचं?

पहिले काही दिवस ग्रंथालयात बसा. पुस्तक घरी न्यायचं बीटी कार्ड करून घ्या. पोलीस भरतीची पुस्तकं तिथे आहेतच, पण एकदा ८९१.४६ या क्रमांकाच्या कपाटापाशी जा. तिथे मराठी साहित्य असतं. हा आकडा मला पाठ आहे, कारण मी विद्यार्थी असताना 'कमवा आणि शिका'तून त्याच कपाटाची धूळ पुसायचो. तासाचे पैसे मिळायचे, महिन्याचा डब्याचा खर्च सुटायचा आणि पुसता पुसता दोन पानं वाचून व्हायची. ही योजना आजही कित्येक कॉलेजांत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलांना राबून शिकायला लावलं, तिथून ही रीत आपल्याकडे रुजली. अर्ज जुलैमध्येच द्या. जागा थोड्या असतात आणि काम मागायला पोरं लाजतात. कॉलेजात झाडांना पाणी घालताना वर्गातल्या कुणी पाहिलं तर? पाहू द्या. त्यांच्याही घरी गोठा आहे.

दुसरा रस्ता राष्ट्रीय सेवा योजनेचा, म्हणजे रासेयोचा. १९६९ पासून चालू आहे. वर्षाला १२० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचा, रात्री देवळात जमिनीवर झोपायचं, भाकरी थापायची पाळी मुलांवरही येते. शेजारच्या गावचा पोरगा दोन वर्षं एकाच गाडीने येतो पण बोलत नाही, तो शिबिरात तिसऱ्या दिवशी तुमच्या ताटातला ठेचा उचलतो. नव्या शैक्षणिक धोरणात रासेयो, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक काम यांना क्रेडिटही आहेत. त्यामुळे 'याचा मार्कांना काय उपयोग' म्हणणाऱ्या काकांना तेवढं सांगा.

नाटक, युवक महोत्सव याबद्दल मी फारसं सांगू शकणार नाही, स्टेजवर माझे पाय थरथरतात. तालमी मात्र दुपारीच असतात, आणि एकांकिकेत मागे पडदा ओढायलाही माणूस लागतो. भित्तिपत्रकाला तर कायम लेख कमी पडतात. मराठीच्या मॅडमना नुसतं विचारलंत तरी त्या कागद हातात देतील.

सुरुवातीच्या दोन आठवड्यांत कंटाळा येईल. रिकाम्या व्हरांड्यात डबा खाताना वाटेल की सगळे घरी गेले, आपणच काय वेडे. तेव्हा एकटे बसू नका. तुमच्याच रस्त्यावरच्या गावातल्या एकाला पटवा, म्हणजे सव्वातीनची गाडी आली नाही तर दोघं मिळून वडापच्या जीपने जाता येतं.

आणि हो, माझ्या खिडकीवर बारा ते साडेबारा येऊ नका. तेव्हा शंभर हात आत येतात आणि प्रत्येकाची गाडी निघालेली असते. मीही वैतागलेला असतो, चुकीचा शिक्का मारतो. दोननंतर या. रांग नसते, मला वेळ असतो, तुमचा फॉर्म मी ओळ न् ओळ वाचून देईन.