फुलावर असलेल्या ऑर्किडला पाणी

घरातल्या फॅलेनॉप्सिसला (हा ऑर्किडचाच एक प्रकार) फुलं आली की मी पाण्याचा वार ठरवत नाही, मुळं बघते. पारदर्शक कुंडी घ्यायची ती त्यासाठीच. मुळं हिरवी दिसत असतील तर थांबायचं. रुपेरी-करडी झाली आणि कुंडी हाताला हलकी लागली, की पाणी.

सकाळी कुंडी सिंकमध्ये ठेवून मातीऐवजी भरलेल्या झाडाच्या सालीच्या तुकड्यांवर साधं पाणी सावकाश ओतायचं, खालून वाहू लागेपर्यंत. मग पूर्ण निथळू द्यायचं. शोभेच्या बाहेरच्या कुंडीत तळाशी पाणी राहिलं तर ते लगेच ओतून टाका. ही मुळं मूळची झाडाच्या खोडाला धरून उघड्यावर वाढणारी, त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. भिजत राहिली की कुजतात. पानांच्या बेचक्यातलं पाणी मी कागदी रुमालाने टिपून घेते, नाहीतर शेंडा सडतो. फुलांवर फवारा मात्र अजिबात नको, पाकळ्यांवर बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात.

खत देत असाल तर अधूनमधून नुसत्या पाण्याने साल धुऊन काढा, म्हणजे क्षार साचत नाहीत.

बहर संपत आला की दांड्यावरची खालची, जुनी फुलं आधी गळतात. ती वयाने गळतात, म्हणून पाणी वाढवू नका. न उमललेल्या कळ्याच पिवळ्या पडू लागल्या तर मात्र आधी मुळं तपासा.