‘माका कमी दिलंस!’ : मुलांना कमी-जास्त समजावताना या चुका टाळा

मे महिन्यात आमच्या मालवणच्या वाडीत दुपारी जेवताना हे एकदा तरी होतंच. आजी दोन नातवंडांना सोलकढी वाढते, एकाला उभ्या ग्लासात आणि दुसऱ्याला पसरट वाटीत. वाटीवाला लगेच रडवेला होतो, “माका कमी दिलंस!” आजी बिचारी सांगून दमते की दोघांनाही एकेकच पळी घातली. पाच वर्षांच्या पोराला ते पटत नाही. घरातले म्हणतात हट्टी आहे, खादाड आहे. बालवाडीत इतकी वर्षं काढल्यावर मी एवढं सांगेन की तो यातलं काहीच नाही. त्याला खरोखरच कमी दिसतंय.

भांडं बदललं, ओळ पसरली, गोळा चपटा केला, तरी माल तेवढाच राहतो. डी.एड.च्या पुस्तकांत याला जड नावं आहेत, मी नुसतं ‘तेवढंच राहणं’ म्हणते. जिनिव्हाचे बालमानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी अलिना शेमिन्स्का यांनी १९४१ साली मुलांच्या संख्याबोधावर पुस्तक काढलं, त्यात असेच ओतण्या-पसरण्याचे खेळ आहेत. लहान मूल एका वेळी एकच गोष्ट धरून बसतं, पाण्याची उंची किंवा ओळीची लांबी. पाणी खाली गेलं पण रुंदही झालं, हे दोन्ही एकदम डोक्यात धरणं त्याला अजून जमत नाही. आपणही काही फार पुढे नाही म्हणा. बाजारात सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, पसरून लावलेला वाटा आपल्यालाही मोठाच दिसतो, फक्त आपण बोटाने ढकलून बघतो.

शंभरपर्यंत म्हणतो, म्हणजे आकडे कळले

ही चूक सगळ्यात जास्त घरांत दिसते. पाहुण्यांपुढे मुलाकडून अंक म्हणवून घेतात, ते म्हणजे बडबडगीतच. खरं बघायचं तर समोर शिंपल्यांचा ढीग ठेवा आणि म्हणा, “मला तीन दे.” वीसपर्यंत घडाघडा म्हणणारं मूल मूठभर उचलून देतं. अमेरिकेत कॅरेन विन यांनी १९९० च्या सुमारास हाच साधा खेळ वापरून दाखवलं की मुलं पायरीपायरीने चढतात. आधी फक्त ‘एक’ नेमका देता येतो, मग काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’, आणि मग एकदम उजेड पडतो की मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजेच ‘किती’.

तो उजेड पडला नसल्याची एक खूण सांगते. मुलाने पाच शिंपले मोजले की विचारा, “मग किती झाले?” ‘पाच’ न म्हणता ते पुन्हा एक-दोन-तीन सुरू करतं. तिथे पुढचे आकडे पाठ करून घेऊ नका. जेवताना पानं मांडायला सांगा, चार माणसांना चार वाट्या. एक वाटी कमी पडली की ज्याच्यापुढे नाही तो माणूस बोलतोच.

‘मोठी ओळ कुठली?’

हा दोष मुलाचा नाही, आपल्या मराठीचा आहे. ‘मोठा’ हा शब्द आपण कशालाही लावतो. मोठा दादा वयाने, मोठा माड उंचीने, मोठी रांग लांबीने. मग सहा-सहा शिंपल्यांच्या दोन ओळी मांडून, एक पसरून, ‘मोठी कुठली’ विचारलं आणि मुलाने लांब ओळ दाखवली, तर त्याचं उत्तर बरोबर आहे. ‘कुठल्या ओळीत शिंपले जास्त?’ असं विचारा. त्याहून बरं म्हणजे शिंपल्यांऐवजी शेंगदाण्याचे लाडू घ्या आणि विचारा, “तुला कुठली ओळ हवी?”

तोच प्रश्न दोनदा विचारणं

आपण आधी विचारतो, “दोन्हीकडे सारखे ना?” मूल हो म्हणतं. मग त्याच्यासमोर एक ओळ पसरतो आणि पुन्हा विचारतो, “आता?” मूल विचार करतं की बाईंनी मुद्दाम हात लावला, पुन्हा विचारलं, म्हणजे आधीचं उत्तर चुकलं असणार. शाळेत तर हा अनुभव त्याला रोजचा आहे! सुझन रोज आणि मॅरियन ब्लँक या दोघी संशोधकांनी १९७४ मध्ये पाहिलं की पसरल्यानंतर एकदाच विचारलं तर मुलं कमी चुकतात. त्याच वर्षी जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांपुढे एक खोडकर टेडी आणला. टेडी धावत येऊन ओळ विस्कटायचा. मोठ्या माणसाने ओळ हलवली तेव्हा बरोबर उत्तर देणारी मुलं १६ टक्क्यांच्या आसपास होती, टेडीने विस्कटल्यावर ती ६० च्या वर गेली. ‘हे मूल मागे आहे’ असं ठरवण्याआधी हा आकडा आठवावा. आमच्याकडे टेडीचं काम मांजर करते, आणि तिला शिकवावंही लागत नाही.

समजावून सांगत बसणं

“अरे सारखंच आहे, बघ ना!” दहादा म्हटलं की मूल अकराव्यांदा ‘सारखंच’ म्हणतं. ते तुमचं मन राखायला. भांडं बदलून विचारा, पोपट उडून जातो.

ओतणं त्याच्याच हातात द्या. पॅट्रिशिया ग्रीनफिल्ड यांनी १९६० च्या दशकात सेनेगलमध्ये वोलोफ जमातीच्या मुलांबरोबर काम केलं, तेव्हा मुलाने स्वतः पाणी ओतलं तर उत्तरं पुष्कळ सुधारली. मोठ्यांनी ओतलं की मुलांना त्यात काहीतरी करामत वाटायची. मेक्सिकोत १९६९ साली पाहिलं गेलं की कुंभारांची मुलं मातीच्या गोळ्याच्या खेळात इतरांच्या पुढे होती. मला यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे श्रावणात गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, जाऊन बसणारी पोरं दिवसभर गोळा चपटा करतात, पुन्हा वळतात, पुन्हा चपटा करतात. ‘परत होतं तसं करता येतं’ हे त्यांच्या बोटांना आधी कळतं.

आणि मुलाच्या हाताकडे बघा. तोंडाने ‘हे उंच आहे म्हणून जास्त’ म्हणत असताना काही मुलं हाताने वाटीची रुंदी दाखवत असतात. चर्च आणि गोल्डिन-मेडो या संशोधकांना १९८६ मध्ये आढळलं की अशा मुलांना थोडं शिकवलं तरी ती लवकर पुढे सरकतात.

एक जमलं की सगळं जमलं

नाही. पियाजेंच्या हिशेबात शिंपल्यांची संख्या सहा-सातला जमते, पाणी आणि माती सात-आठला, त्याच गोळ्याचं वजन नऊ-दहाला, आणि पाण्यात बुडवल्यावर पाणी किती चढेल हे अकरा-बाराला. वर्ष-दीड वर्ष इकडेतिकडे होणारच.

भाकरीचे चार तुकडे करून ‘बघ, किती झाल्या!’ म्हणत भरवणाऱ्या आया मला विचारतात, हे चुकीचं का? खुशाल भरवा. फक्त संध्याकाळी त्याच पोराला ‘एवढंही कळत नाही’ म्हणू नका.

शेवटची चूक माझी स्वतःची. वर्गात मी सोलकढीच वापरायचे, रंग छान दिसतो म्हणून. ग्लासातली वाटीत ओतली आणि एका मुलीला विचारलं. ती म्हणाली, “कमी झाली.” मी नेहमीचं डोकं हलवलं. तिने रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला, “ग्लासाक लागली मा!” आत गुलाबी थर चिकटलेला होता, चांगला चमचाभर. तेव्हापासून मी साधं पाणी घेते, आणि रंगाला कोकमाच्या आगळाचे दोन थेंब.