गाडी न करता वर्धा, पवनार, सेवाग्राम

आधी तिकिटावर स्टेशनचं नाव नीट वाचा. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी जंक्शनं आहेत. नागपूरहून बल्लारशाच्या दिशेनं जाणाऱ्या बऱ्याच गाड्या सेवाग्रामलाच थांबतात, वर्ध्यात येतच नाहीत. आणि सेवाग्राम स्टेशनवर उतरलं की समोर आश्रम, असंही नाही. हे पूर्वीचं ‘वर्धा पूर्व’ स्टेशन. आश्रम तिथून काही किलोमीटर आत आहे, ऑटो लागतोच.

नागपूरहून एसटीनं येत असाल तर थेट वर्ध्यापर्यंत जाऊ नका. पवनार वाटेतच लागतं. गाडी तिथं थांबते का, हे चढतानाच कंडक्टरला विचारून घ्या. धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम आहे. १९५९ साली त्यांनी इथं ब्रह्मविद्या मंदिर हा स्त्रियांसाठीचा आश्रम सुरू केला. खोदकामात सापडलेली भरत-राम भेटीची मूर्ती बघायची राहू देऊ नका. हे सकाळीच उरका. एप्रिल-मे महिन्यात अकरानंतर नदीकाठ नुसता भाजून काढतो.

दुपार वर्धा शहरात घालवा. लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये दलितांसाठी खुलं केलं. मगन संग्रहालयात चरखे आणि ग्रामोद्योगाची अवजारं आहेत. घाई असेल तर बाकीचं सोडा, हे एवढं बघा. भूक लागली तर तर्री-पोहे कुठंही मिळतील; घरी न्यायला गोरसपाक, म्हणजे इथली खास बिस्किटं, घ्या. जिल्ह्यात दारूबंदी आहे, तेव्हा तो बेत आखूच नका.

ऊन उतरलं की सेवाग्राम, शहरापासून साधारण आठ किलोमीटर. ऑटोवाल्याला नुसतं ‘‘सेवाग्राम’’ म्हणालात तर तो कदाचित तिथल्या कस्तुरबा दवाखान्यापाशी सोडेल, कारण त्याच्या बहुतेक सवाऱ्या तिथल्याच.

‘‘भाऊ, आश्रम जाता का? सवारीनं.’’

‘‘बसा, दोन सवाऱ्या आल्या की निघतो.’’

‘सवारीनं’ हा शब्द महत्त्वाचा. तो राहिला की ऑटो ‘स्पेशल’ धरला जातो आणि पूर्ण गाडीचं भाडं तुमच्या माथी. शेजारच्या सवारीला किती देता ते विचारा, तेवढेच द्या.

गांधीजी इथं १९३६ मध्ये राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बापूकुटीत चपला बाहेर काढून सावकाश फिरा: मातीच्या भिंती, बसायची चटई, लिहायचं बुटकं मेज. साप मारायचे नाहीत म्हणून ते पकडायचा चिमटाही इथं जपून ठेवला आहे. मुलं तिथून हलत नाहीत.

संध्याकाळची सर्वधर्म प्रार्थना उघड्यावर होते, कुणीही बसावं. वेळ मात्र आल्या आल्या विचारून ठेवा. परतताना आश्रमाच्या फाटकाशी ऑटोची वाट बघत ताटकळू नका. कस्तुरबा दवाखान्याकडे चालत या. पेशंटचे नातेवाईक आणि मेडिकलची पोरं यांच्यामुळे वर्ध्याचे ऑटो तिथं लवकर भरतात.