फळछाटणीच्या हंगामात हात आणि मनगट सांभाळा

निफाड, दिंडोरी, तासगाव, पंढरपूर भागात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षाच्या फळछाटण्या एकदम अंगावर येतात. काम बहुधा उक्ते, एकरावर ठरलेले. त्यामुळे छाटणाऱ्या मजुरांची टोळी थांबत नाही आणि हाताचे दुखणे अंगावर काढले जाते. खालची माहिती बागायतदाराने वाचावी आणि टोळीच्या मुकादमालाही सांगावी.

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे रात्री हात बधिर होऊन जाग येणे आणि हात झटकला की बरे वाटणे. मुंग्या अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्यातच येत असतील आणि करंगळी मोकळी असेल, तर मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस (संवेदना नेणारा मज्जातंतू) दाबली जात आहे, असे धरून चाला. याला डॉक्टर कार्पल टनेल म्हणतात. मनगट वाकलेले असताना जोराने मूठ आवळली की या बोगद्यातला दाब वाढतो. मंडपाखाली हात वर करून दिवसभर नेमके हेच होते. मधुमेह, थायरॉईडचा त्रास असलेल्यांना आणि गरोदर बायकांना हा त्रास लवकर होतो.

उपाय साधा आहे. आत पट्टी असलेला, मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री झोपताना बांधा, सलग सहा आठवडे. तोच पट्टा घट्ट बांधून दिवसा कात्री चालवू नका, त्याने बोटांवरचा ताण उलट वाढतो. जीवनसत्त्वाची इंजेक्शने गावोगाव दिली जातात. त्यांनी दाबलेली नस मोकळी होत नाही. वस्तू हातातून निसटू लागल्या किंवा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसू लागला, तर हंगाम संपायची वाट पाहू नका. वाळलेला स्नायू शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण भरेलच असे नाही.

अंगठ्याच्या बाजूला मनगट दुखत असेल तर अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीकडे हळूच झुकवा. जोराची कळ आली तर अंगठ्याच्या कंडरांना (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांना) सूज आहे. अंगठ्यासकट मनगट धरणारा पट्टा लागतो, साधा चालत नाही. सकाळी बोट अडकून ‘टक्’ आवाजाने सुटत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पुष्कळदा तळहातातल्या एका इंजेक्शनने काम भागते. ते बोट ओढून कडाकडा मोडू नका.

या बहुतेक दुखण्यांत कात्रीचा वाटा मोठा असतो. बोथट सिकेटरला प्रत्येक काडीमागे जादा जोर लागतो, आणि दिवसात काड्या हजारोंनी कापल्या जातात. सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीत धार लावा. दगड पात्याच्या उताराच्या बाजूनेच चालवा. सपाट बाजूला फक्त वळलेली बारीक कोर काढण्यापुरता फिरवा. स्प्रिंगला तेल द्या. पूर्ण उघडलेली कात्री चार बोटांच्या कवेत आली पाहिजे. बायकांच्या हातात मोठ्या मापाची कात्री देणे ही टोळ्यांमधली नेहमीची चूक आहे. जाड ओलांड्याला (वेलीच्या आडव्या फांदीला) करवत वापरा, कात्री पिळून तोडू नका. दर तासाला माणसांची अदलाबदल करा: काही जण छाटतील, काही काड्या गोळा करतील.

छाटणीनंतर काडीवरचे डोळे (कळ्या) फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाईडचे द्रावण लावतात, त्याला पेस्टिंग म्हणतात. हे द्रावण कातडी भाजते. नायट्रिलचे, कोपराकडे वर जाणारे हातमोजे घाला. कापडी मोजे द्रावण शोषून कातडीला चिकटवून ठेवतात, ते नसलेले बरे. हातावर ताजी चीर असेल त्या माणसाला पेस्टिंगला लावू नका. अंगावर सांडले तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. पेस्टिंगच्या दोन दिवस आधीपासून ते नंतर किमान आठवडाभर दारू पूर्ण बंद. नाहीतर तोंड लाल होणे, धडधड आणि गुदमरल्यासारखे होणे असा त्रास होतो.

कात्री लागली तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरा, मधे उघडून पाहू नका. हळद, चुना, कॉफी भरू नका. बोटाला रबर किंवा तार आवळू नका; अंगठी असेल तर सुजेआधी काढा. रक्त थांबल्यावर त्या बोटाचे टोक वाकते का आणि टोकाला स्पर्श कळतो का ते पाहा. यातले एक जरी नसेल तर जखम लहान दिसली तरी कंडरा किंवा नस तुटलेली असू शकते. त्याच दिवशी शल्यचिकित्सक गाठा. बोट तुटून पडले तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवले तर ते गोठून वाया जाते.

ओल्या बांधावरून किंवा स्टुलावरून तळहातावर पडलात, आणि अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी पडणारा खळगा दाबला की दुखतो, तर चोळून घेऊ नका. तिथल्या स्कॅफॉइड हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. पट्टा ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढा.

छाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठीच्या फवारण्या सुरू होतील. चालू पंपाची गळकी नळी हाताने चाचपू नका. दाबाखालचे औषध किंवा हायड्रॉलिक तेल बोटात शिरले तर बाहेर सुईएवढेच छिद्र दिसते, पहिले काही तास दुखतही नाही, पण आत पेशी मरत असतात. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर बोट वाचण्याची शक्यता वाढते. दवाखान्यात ‘टोचले’ एवढेच सांगू नका. दाबाने आत शिरले असे स्पष्ट सांगा आणि औषधाचे लेबल सोबत न्या.